वाचकांचे प्रश्न : फिरणे थांबले आणि झोप उडाली

(मे २०२०)

प्रश्न : माझे वय ६४ वर्षे असून मी शासकीय सेवेतून निवृत्त झालो आहे. आम्ही उभयता इंदूरला रामबागेत दुसऱ्या मजल्यावर राहतो. मुलगा पुण्याला असतो. गेली अकरा वर्षे मी रोज पहाटे साडेपाचला नेहरू पार्ककडे फिरायला निघत असे, आणि परतताना आम्ही चौघे मित्र पोहे-जिलबीच्या दुकानाशी थांबत असू. २२ मार्चच्या जनता कर्फ्यूपासून हे सारे बंद आहे. आता रात्री अडीचला जाग येते, ती पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. दुपारी दोन-दोन तास पडून राहतो, पत्नीवर विनाकारण चिडतो, आणि मोबाइलवर करोनाच्या रुग्णांचे आकडे पाहिल्याशिवाय राहवत नाही. रक्तदाबाची गोळी चालू आहे. घरात येरझारा घालून पाहिल्या, पण दहा मिनिटांत कंटाळा येतो. मन थाऱ्यावर येण्यासाठी घरात कोणता व्यायाम करावा?
(एक वाचक, इंदूर)

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. आपण व्यायामाचा प्रकार विचारला आहे. मला मात्र असे वाटते की टाळेबंदीत आपल्या दिवसाची सुरुवातच हरवली आहे. साडेपाचला घराबाहेर पडायचे म्हणून माणूस रात्री दहाला अंथरुणावर पडतो, उठल्याबरोबर उजेडात जातो, पायांना आणि छातीला काम देतो, चार माणसांशी बोलतो आणि त्यांच्या गोष्टी घरी येऊन पत्नीला सांगतो. ही अख्खी साखळी एका दिवसात तुटली. दिवाणखान्यातल्या येरझारांनी तिच्यातली एकच कडी परत मिळते, म्हणून कंटाळा येतो. त्यात आपल्या निश्चयाचा काही दोष नाही.

प्रथम उजेडाविषयी. मेंदूत शरीराचे घड्याळ चालवणारा पेशींचा एक लहानसा पुंजका असतो, आणि डोळ्यांच्या पडद्यावर पडणाऱ्या सकाळच्या प्रकाशावरून तो आपली वेळ रोज जुळवून घेतो. लक्स या एककात सांगायचे तर दिवस वर आल्यावर उघड्यावर, सावलीतसुद्धा, हजारो लक्स प्रकाश असतो, तर घराच्या आतल्या खोल्यांत तो बहुधा काही शेकड्यांच्या वर जात नाही. आपल्याला खोली लख्ख वाटते, पण घड्याळाच्या लेखी तो अंधुक प्रकाशच असतो. त्यातच दुपारी दोन तास झोप झाली की जागेपणी साठत गेलेली झोपेची ओढ बरीचशी खर्च होते, आणि रात्री अडीचला डोळे उघडतात. म्हणून दुपारची विश्रांती वीस मिनिटांवर आणावी आणि तीही तीनच्या आत उरकावी.

आपल्या इमारतीला गच्ची असेल, तर तिचा उपयोग करावा. सध्या इंदूरला पावणेसहाच्या सुमारास सूर्योदय होतो, आणि मे महिन्यात थोड्याच वेळात ऊन चटके देऊ लागते. तेव्हा गजर जुन्याच वेळेचा, साडेपाचचा, लावावा. नेहरू पार्कला जाताना घालत होता तेच बूट घालावेत. ही बाब वरवर क्षुल्लक दिसते, पण मनाला सवयीची खूण लागते आणि पायात बूट चढवल्यावर परत अंथरुणावर जाऊन पडणे अवघड होते. इमारतीतील इतर कुटुंबेही गच्चीवर येत असतील, तर वेळा वाटून घ्याव्यात. गच्ची नसेल तर पूर्वेच्या उघड्या खिडकीशी किंवा गॅलरीत उभे राहून जागच्या जागी चालावे.

मित्रांचे काय करायचे, हा प्रश्न मला व्यायामाइतकाच महत्त्वाचा वाटतो. चौघांनी पावणेसहाला एकमेकांना सामूहिक फोन लावावा आणि प्रत्येकाने आपापल्या गच्चीवर चालता चालता बोलावे. चालण्याचा वेगही आपोआप योग्य राहील, कारण मध्यम श्रमाची साधी कसोटी हीच आहे की माणसाला बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. फोन ठेवल्यावर घरी पोहे करावेत. त्यांवर भुरभुरायचा जिरावण मसाला घरात असेलच.

व्यायामाने मनाला खरोखर गुण येतो का, अशी शंका आपल्या मनात असेल, तर अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लुमेंथाल आणि सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. नैराश्याचे निदान झालेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या १५६ व्यक्तींचे त्यांनी तीन गट केले : एका गटाला नैराश्यावरचे औषध दिले, दुसऱ्याला आठवड्यातून तीन वेळा देखरेखीखाली व्यायाम, आणि तिसऱ्याला दोन्ही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार १६ आठवड्यांच्या अखेरीस तिन्ही गटांतील सुधारणा जवळपास सारखी होती. औषधाचा गुण मात्र लवकर दिसू लागला होता. हे सांगताना दोन गोष्टी मी मुद्दाम जोडतो. तिथला व्यायाम गटाने होत असे, त्यामुळे श्रमाचा फायदा किती आणि सोबतीचा किती हे त्यातून पूर्णपणे वेगळे काढता येत नाही. शिवाय ज्यांची गोळी चालू आहे त्यांनी असा प्रयोग वाचून ती स्वतःच्या मनाने बंद करणे धोक्याचे आहे.

प्रमाणाचे म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रम सुचवले आहेत, म्हणजे पाच दिवस रोज तीस मिनिटे. ती सकाळी वीस आणि जेवणानंतर दहा अशी वाटली तरी चालतात. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंच्या बळासाठी हात न टेकता खुर्चीवरून आठ-दहा वेळा उठावे, आणि भिंतीला हात लावून जोर काढावेत. त्या वेळी श्वास रोखून धरू नये, कारण त्याने रक्तदाब एकदम चढतो. स्वयंपाकघराच्या ओट्याचा आधार घेऊन एका पायावर उभे राहण्याची सवय करावी, म्हणजे तोल सांभाळला जाईल. सूर्यनमस्कार पूर्वीपासून घालत असाल तर सावकाश घालावेत. नसाल तर या वयात, रक्तदाब असताना, डॉक्टरांना विचारल्यावाचून एकदम बारा नमस्कारांना हात घालू नये. छातीत दाब, घेरी किंवा असह्य दम वाटला तर तिथेच थांबून डॉक्टरांना फोन करावा.

आकड्यांची बातमी दिवसातून एकदाच, जेवणाआधी, पाहावी. आपण झोपेत असताना आकडे वाढले तरी आपल्या हाती करण्यासारखे त्या वेळी काही नसते, आणि काळजीने जागा राहिलेला माणूस दुसऱ्या दिवशी सावधगिरीतही चुकतो.

आपण पत्नीच्या झोपेविषयी काहीच लिहिलेले नाही. त्यांचेही देवळात जाणे, शेजारी बसणे बंद झाले असेल. त्यांना विचारावे, आणि गच्चीवर सोबत न्यावे.

दोन आठवडे बहुतेक दिवसभर मन खिन्न राहिले, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी नकोशा झाल्या, जेवण तुटले किंवा जगणे नको असे विचार आले, तर व्यायामाच्या भरवशावर राहू नये. २५ मार्चपासून लागू झालेल्या दूरवैद्यकीय सल्ल्याच्या नियमांमुळे नोंदणीकृत डॉक्टर फोनवर किंवा व्हिडिओवर तपासून सल्ला देऊ शकतात. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेची ०८०-४६११०००७ ही मानसिक आधाराची सेवाही सुरू आहे. जगणे नको असे विचार आले असतील, तर मुलाला त्याच क्षणी कळवावे. त्याला काळजी वाटेल म्हणून लपवू नये.

प्रश्न : मी ३६ वर्षांची शिक्षिका आहे. कामवाली येत नाही, दोन मुली घरात, सकाळी मोबाइलवर माझे वर्ग. रात्री अंग मोडून येते, तरी मन हलके होत नाही. सासूबाई म्हणतात, झाडू-पोछा हाच व्यायाम. हे खरे आहे का?
(एक वाचक, इंदूर)

उत्तर : सासूबाईंचे म्हणणे अर्धे खरे आहे. वाकून फरशी पुसणे, बादल्या उचलणे हे शरीराच्या दृष्टीने श्रमच आहेत, आणि त्या हिशेबात आपण १५० मिनिटे केव्हाच ओलांडली असतील. मनाची गोष्ट वेगळी आहे. स्वतःच्या इच्छेने, फुरसतीत केलेल्या हालचालीचा मनःस्वास्थ्याशी चांगला संबंध अनेक अभ्यासांत आढळतो; घरकामाच्या बाबतीत तो तितका स्पष्ट दिसत नाही. कुणीही केव्हाही हाक मारून थांबवू शकेल अशा कामात मन सैल पडत नाही, असे मला वाटते.

म्हणून आपल्याला आणखी श्रम सांगणे अन्यायाचे होईल. आधी घरातले काम वाटले जावे : पोछा पतीकडे, भांडी पुसणे मोठ्या मुलीकडे. त्यातून सुटलेली वीस मिनिटे दार लावून, मोबाइल बाहेर ठेवून, रोज एकाच वेळी आपली असावीत. त्यात चालावे, अंग ताणणारी आसने करावीत, अथवा नुसते आडवे पडून सावकाश श्वास घ्यावा.

संध्याकाळी वाटले तर मुलींबरोबर मंगळागौरीचे खेळ खेळावेत. श्रावणाची वाट पाहण्याचे कारण नाही. फुगडी आणि झिम्मा यांनी पाच मिनिटांत दम लागतो, आणि गाणी सासूबाईंना पाठ असतील, तर त्यांना खुर्चीवर बसवून गाणी त्यांच्याकडेच सोपवावीत. फरशी कोरडी असावी, मुलींचे मोजे काढलेले असावेत, आणि फुगडीचा वेग धाकटीच्या बेताने ठेवावा.