गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील बागायतीला लागून असलेली जुनी झाडे कोणत्या महिन्यात तोडावीत?

तोड अपरिहार्यच असेल, तर ती पावसाळा सरल्यानंतर, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात करावी आणि जानेवारी ते मे या काळात जुन्या, ढोली असलेल्या झाडांना हात लावू नये. याचे कारण धनेशाची, म्हणजे मोठ्या चोचीच्या हॉर्नबिल पक्ष्याची, वीण: मादी ढोलीत शिरून ढोलीचे तोंड विष्ठा व चिखलाने लिंपून घेते आणि कित्येक आठवडे नराने फटीतून भरवलेल्या फळांवर जगते, त्यामुळे असे झाड पडले, तर मादी व पिल्ले दोन्ही जातात. ढोलीखाली बियांचा व विष्ठेचा सडा दिसला, तर ती ढोली वापरात आहे असेच धरावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य पक्ष्यांच्या घरट्यांना व अंड्यांना इजा करणे ही शिकारच मानली आहे, आणि गोव्याच्या १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार तोडीसाठी वृक्ष अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते, हेही ध्यानात ठेवावे. मात्र केवळ महिना पाळणे पुरेसे नाही, कारण काही घुबडांची वीण हिवाळ्यातच सुरू होते. म्हणून करवत लावण्याआधी एक-दोन संध्याकाळी झाडाखाली थांबून पाहावे. वाळलेले, पण कोणाच्या अंगावर पडण्याचा धोका नसलेले झाड तर, माझ्या मते, उभेच राहू द्यावे.