रात्रीच्या उड्डाणासाठी टॉर्च घेताना

रात्रीच्या उड्डाणाचे प्रशिक्षण सुरू होण्यापूर्वी टॉर्च घेणार असाल, तर दुकानदार सांगेल त्या सर्वाधिक ल्युमेनच्या (उजेडाच्या मापाच्या) मागे लागू नका. कॉकपिटमध्ये टॉर्च किती प्रखर होते यापेक्षा ती किती मंद करता येते, हे अधिक महत्त्वाचे आहे. डोळे अंधाराला पुरते सरावायला सुमारे 30 मिनिटे लागतात आणि एका झगझगीत झोताने तो सराव क्षणात मोडतो.

उड्डाणपूर्व तपासणीला मात्र चांगला पांढरा उजेडच हवा. 100 एलएल या छोट्या विमानांच्या पेट्रोलचा निळा रंग किंवा ब्रेकच्या नळीतून पाझरणारे तांबडे हायड्रॉलिक तेल लाल प्रकाशात ओळखूच येत नाही. अंधाराला सरावलेले डोळे बिघडू देत नाही म्हणून लाल दिव्याचे कौतुक तुम्ही बरेच ऐकाल, पण नकाशावरील तांबड्या आणि किरमिजी खुणा त्या प्रकाशात जवळजवळ नाहीशा होतात. म्हणून उड्डाणातही मी अगदी मंद पांढरा प्रकाशच पसंत करतो.

हेडलॅम्पमुळे दोन्ही हात मोकळे राहतात हे खरे. परंतु मान वळवताच झोत शेजारच्या प्रशिक्षकाच्या डोळ्यांत जातो, आणि मग काय ऐकावे लागते ते वेगळे सांगायला नको. त्यामुळे झोत खाली वळवता येणारा आणि चालू करताच मंद उजेडापासून सुरू होणारा हेडलॅम्प निवडा. जोडीला एक छोटी टॉर्च दोरीने गळ्यात असू द्या, कारण हातातून निसटलेली टॉर्च रडर पेडलखाली (विमानाचे नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या पायांतल्या पेडलखाली) अडकणे धोक्याचे असते. अल्कलाइन सेल फार दिवस आत राहिले तर पाझरतात, तेवढे अधूनमधून पाहत जा.