डोप: नशा नव्हे, कालवण

प्रश्न असा आलाय: ‘पहिल्या महायुद्धातल्या सॉपविथ डॉल्फिन या लढाऊ विमानाची प्रतिकृती करतोय. विमानाच्या कापडाला अमली पदार्थ चोपडत, असं एका मराठी लेखात वाचलं. खरं का? आणि वापरून जुनाट झालेल्या विमानाला ‘गंजलेलं’ म्हणावं का?’

दुसरं आधी उरकतो. गंजतं ते लोखंड. डॉल्फिनचा सांगाडा बहुतांश लाकडाचा, वर लिनन. कापड विटतं, रंगाचे पोपडे सुटतात. विटणे, उडणे, पोपडे धरणे इतकी क्रियापदं घरात असताना जो तो ‘गंजला’ म्हणतो, तेव्हा डोकं उठतं.

आता ‘डोप’, म्हणजे विमानाच्या कापडाला चोपडायचं द्रावण. लेखकानं कोशातला पहिला अर्थ उचलला आणि मोकळा झाला. मूळ शब्द डच, ‘doop’, उच्चार डोपच. अर्थ: ज्यात बुडवून खायचं तो रस्सा. बुडवणे या क्रियापदावरून पदार्थाचं नाव. आपण तरी काय केलं? कालवणे, म्हणून कालवण! अमेरिकेत हा शब्द कुठल्याही दाट, चिकट मिश्रणाला लागला; ओढण्याच्या अफूच्या पाकालाही लागला, तिथून नशा. विमानवाल्यांनी मात्र चिकटपणाच उचलला. आणि मराठी रंगारी आजही रंग कालवतोच की!

‘डोप’ आणि ‘डुबणे’ यांचं नातं जोडणारे महाभाग भेटतात. अहो, आपलं मूळ रूप ‘बुडणे’. हिंदीनं अक्षरांची अदलाबदल करून ‘डूबना’ केलं. डचांचा त्यात हात नाही.

मराठी प्रतिशब्द म्हणून पंडित ‘लेप’ सुचवतात. लेप नुसता वर बसतो. सेल्युलोजचं हे द्रावण वाळताना कापडाला आक्रसवून ढोलासारखं ताणतं, वारा आत शिरू देत नाही. आमच्या विणकरांची ‘खळ’ याच्या कितीतरी जवळची. सुताला खळ देतात तशी पंखाला खळ द्यावी. मी तरी तेच लिहिणार. नशा नसली तरी विष होतं, हे खरं. काही डोपमधल्या टेट्राक्लोरोइथेननं कारखान्यातल्या कामगारांना कावीळ झाली, काही दगावलेही.

या खळीवर ‘पीसी १०’ हा रंग. त्यातला ‘पी’ प्रोटेक्टिव्हचा, कारण विमान लपवण्याइतकंच उन्हापासून कापड जपणं हेही त्याचं काम. घटक कोणते? पिवडी आणि काजळी! पिवळ्यात काळं कालवलं की हिरवट झाक येते, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. तरी तो हिरवा की चॉकलेटी, यावर शौकीन अजून भांडतात. माध्यम आणि थराची जाडी बदलली की छटा बदलते, मग भांडण कसलं?

मुंबईचे वैमानिक श्रीकृष्ण वेलिणकर १९१८ मध्ये डॉल्फिनच उडवत होते. त्यांचं विमान करत असाल, तर सॉपविथच्याच कॅमल विमानावर रंगवतात तसे एरंडेलाचे ओघळ काढू नका. एरंडेल लागायचं ते कॅमलच्या फिरत्या इंजिनाला. डॉल्फिनचं इंजिन पाण्यानं थंड होणारं होतं.