विदर्भातला शेतमजूर काँग्रेसपासून का तुटला?

तुम्ही विचारलंय की विदर्भ काँग्रेसचा बालेकिल्ला होता, मग इथला शेतमजूर तिला सोडून का गेला आणि परत येईल का. मी वर्धा जिल्ह्यातला, घरात पिढीजात शेतमजुरी. आमच्या वस्तीतून जे दिसलं ते सांगतो.

बालेकिल्ला होता हे खरंच. 1977 ला उत्तर भारतात काँग्रेस भुईसपाट झाली, तरी विदर्भातल्या बहुतेक जागा तिनं राखल्या. 1972 च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांनी चुली पेटत्या ठेवल्या होत्या. आमच्या म्हाताऱ्यांच्या लेखी काँग्रेस म्हणजे हाताला काम.

पुढे गावात पक्ष उरला तो मोठ्या कास्तकारांचा. सोसायटीचा अध्यक्ष तोच, बाजार समितीवर तोच, शाळेची संस्था त्याचीच. मजुरी ठरवणाराही तोच. वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी बाया गाठोडी घेऊन मालकाच्या अंगणात रांगेत बसतात. मजुरी किलोवर. कापूस ओला आहे, कचरा आहे म्हणून वजनात कापलं जातं, आणि दिवसभर वाकून वेचणारी बाई काट्याकडे नुसती बघत राहते. दाद मागायची कुणाकडे? पक्षाचा माणूस तर तोच. माझ्या मते नातं इथंच तुटलं, बाकीची कारणं नंतरची.

मजूर थेट भाजपकडे गेला असंही नाही. आधी त्यानं लाल बावटा धरून पाहिला. 1989 ला अमरावतीतून भाकपचे सुदाम देशमुख खासदार झाले, 1991 ला वर्ध्यातून माकपचे रामचंद्र घंगारे. तेव्हाच काँग्रेसनं शहाणं व्हायला हवं होतं.

2008 च्या कर्जमाफीत तर मजुराला जागाच नव्हती. पूर्ण माफी 2 हेक्टरपर्यंत, त्यामुळे सहा-सात एकरांचा कोरडवाहू शेतकरीही तिच्याबाहेर राहिला. मजुराचं कर्ज किराणा दुकानात आणि बचत गटात, ते कोण माफ करणार? ‘मनरेगा’ काँग्रेसच्याच सरकारनं आणली, पण ऐन हंगामात हमीची कामं निघाली की मजूर महागतात म्हणून गावात ती नको असणारे पक्षाचेच लोक होते. आता तणनाशकानं बायांचं निंदणही खाल्लं. आमच्याकडे सभेत त्यावर कुणी बोलत नाही, कोणत्याच पक्षाचा.

परत येतील का? 2024 च्या लोकसभेला आले होते. संविधानाची काळजी खरी होती, विदर्भातल्या 10 पैकी 5 जागा काँग्रेसला मिळाल्या. काही महिन्यांत विधानसभा झाली, तोवर लाडक्या बहिणीचे महिन्याचे 1500 रुपये खात्यात पडू लागले होते, आणि मतं पुन्हा फिरली. आमच्याकडे ती साधारण आठवडाभराच्या निंदणाची मजुरी. त्यासाठी बायांना नावं ठेवणारे काँग्रेसवाले पाहिले की मला संताप येतो. मजूर परत हवा असेल तर वेचणीच्या दरावर पक्षानं उघडपणे बायांची बाजू घ्यावी, गावातले आपलेच कास्तकार नाराज झाले तरी.