जुन्या पायथनसाठी आधी लायब्ऱ्या कमी कर

भाऊ, तुझा पायथनमधला (प्रोग्रामिंगची भाषा) प्रोग्राम जुन्या मशीनवर चालवायचाय ना? रावेर-सावद्याकडे केळीच्या काट्यावरच्या कॉम्प्युटरवर अजून विंडोज ७ असेल, तर पायथन ३.८ च्या पुढचा अधिकृत इन्स्टॉलर तिथे चालत नाही. अडचण बहुतेक वेळा तुझ्या कोडची नसते, लायब्ऱ्यांची, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडची असते. तक्त्यातली माहिती हाताळणारी लायब्ररी पांडाज, तिच्या २.१ लाच पायथन ३.९ लागतं.

कोऱ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंटमध्ये (एका प्रोग्रामपुरती वेगळी ठेवलेली पायथनची जागा) तुझ्या लायब्ऱ्या टाक आणि त्यांचं झाड दाखवणारं 'पिपडेपट्री' हे टूल चालव. कोणती लायब्ररी कोणाला ओढून आणतेय ते दिसेल. मग एकेक काढ, सगळं एकदम नको.

वजनाची सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली साधी फाइल) वाचून बेरीज करायची, त्याला पांडाज कशाला? पायथनसोबतच येणाऱ्या 'सीएसव्ही' मॉड्यूलमधला डिक्टरीडर पुरतो. फक्त तो सगळं मजकूर म्हणून देतो. फ्लोटमध्ये (दशांश संख्येत) बदललं नाहीस, तर १२ आणि ८ मिळून १२८ होतात! फाइल एक्सेलमधून यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केलेली असेल तर एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' दे. नाहीतर पहिल्या रकान्याच्या नावाआधी न दिसणारं चिन्ह चिकटतं आणि नाव बरोबर दिसत असूनही की-एरर (त्या नावाचा रकाना सापडत नाही, ही चूक) येते.

काढताच येत नसेल तर पांडाज २.०.३ वर पिन कर, म्हणजे तेच व्हर्जन पक्कं ठेव.

मग तुझा कोड. पर्याय तपासणारं 'मॅच' पायथन ३.१० चं, मजकुराची सुरुवात काढणारं 'रिमूव्हप्रीफिक्स' ३.९ चं; ३.८ वर दोन्ही नाहीत. त्याच फाइलमध्ये वर व्हर्जन तपासून 'मॅच' झाकता येत नाही, कारण सिंटॅक्स एरर (लिहिण्याच्या नियमाची चूक) पहिली ओळ चालण्याआधीच येते. तपासणी खऱ्या ३.८ वरच कर. आणि ३.८ चे सुरक्षा अपडेट २०२४ मध्येच थांबलेत, तेव्हा ते मशीन इंटरनेटपासून लांब ठेव.