उजवा खांदा कमी वळतो, म्हणजे बिघडलाय का?

प्रश्न: मॅडम, माझा मुलगा १५ वर्षांचा आहे, उजव्या हाताने फास्ट बॉलिंग टाकतो, फिल्डिंगला बाउंड्रीवर असतो. परवा कॅम्पमध्ये खांदे मोजले, हात आत किती वळतो ते. उजवा ४४ डिग्री, डावा ६२. टाइट आहे, रोज स्ट्रेचिंग करा म्हणाले. दुखत काहीच नाही. घरी पाठीमागे हात न्यायला लावला तर उजवा अंगठा डाव्यापेक्षा चार बोटं खालीच राहतो. बॉलिंग बंद करू का?
– एक पालक, सांगली

उत्तर: नका करू. तुम्ही मला अर्धाच हिशोब पाठवलाय, हात आत किती वळतो ते कळलं पण बाहेर किती वळतो ते राहिलंच. लहानपणी दंडाचं हाड मागच्या बाजूला जास्त पिळलेलं असतं, वाढत्या वयात तो पीळ सुटत जातो, आणि जो हात रोज फेकतो त्याचा कमी सुटतो. म्हणून तो हात बाहेर जास्त जातो आणि आत कमी, हा काही आजार नाही.

समजा त्याचा उजवा हात बाहेर ११० जातो आणि डावा ९२, तर आत आणि बाहेर मिळून दोन्हीकडे बेरीज १५४च, मग मी म्हणेन खेळू दे. पण उजवा ९५वरच थांबत असेल तर बेरीज १३९, म्हणजे १५ डिग्री खरंच हरवल्यात. दोन्हीकडच्या बेरजेत साधारण ५ डिग्रीपेक्षा जास्त फरक आला की आम्ही लक्ष देतो. हे आकडे मुळात बेसबॉलच्या पिचरवरून, म्हणजे बॉल फेकणाऱ्यांवरून आलेत बरं का, बॉलिंगमध्ये कोपर सरळ असतो, त्यामुळे तुमच्याकडे खरी तुलना बाउंड्रीवरच्या थ्रोशी.

पाठीमागे अंगठा नेण्यावर तर जाऊच नका, त्यात कोपर, मनगट, पाठ सगळेच हात मारून घेतात.

घरी मोजायचं तर प्रॅक्टिसच्या आधी मोजा, बॉलिंग टाकून आल्यावर हात आत कमीच वळतो. दिवाणावर उताणा झोपवा, दंड शरीरापासून काटकोनात बाजूला, खाली घडी घातलेला टॉवेल, कोपर काटकोनात, बोटं छताकडे. हे शून्य. आता एकाने खांद्याची पुढची बाजू तळहाताने हलकेच दाबून धरायची आणि दुसऱ्याने मनगट पायाकडे सोडायचं, जोर लावायचा नाही. तळहाताखाली खांदा वर उचलायला लागला की तिथंच थांबा, मनगटाजवळ फोन ठेवून लेव्हलच्या ॲपवर बघा, उभ्यापासून किती झुकला ते. हे झालं आत वळणं, मग बाहेरचं मोजायला डोक्याकडे तसंच. प्रत्येक बाजू तीनदा, सरासरी काढा. कॅम्पमध्ये खांदा धरला नसेल तर हात खरा वळतो त्यापेक्षा जास्त वळलेला मोजला जातो, आणि ४४ला काही अर्थ राहत नाही. घाईत पन्नास पोरं मोजताना हे धरणंच राहून जातं.

बेरीज कमी आलीच तर हात छातीवरून आडवा ओढून ३० सेकंद, तीन-चार वेळा, रोज. कुशीवर झोपून हात खाली दाबायचा स्ट्रेच मी मुलांना एकट्याने करू देत नाही, खांद्यात पुढून चिमटा बसतो.

फेकताना दंडाच्या वरच्या भागात दुखायला लागलं तर मात्र आकडे बाजूला ठेवा, थ्रो आणि बॉलिंग बंद आणि हाडांच्या डॉक्टरांकडे, या वयात तिथली हाडाच्या वाढीची पट्टी दुखावू शकते.

तोवर चारही आकडे पाठवा, आणि खांदा कोणी धरला होता तेही लिहा.