आफ्रिका चार गोलार्धांत, पण चतकोर तीनच

प्रश्न : एका नकाशापुस्तकात आफ्रिका चारही गोलार्धांत आहे असं छापलंय. दुसऱ्यात पूर्व गोलार्धाचं वर्तुळ आहे आणि त्यात अख्खी आफ्रिका मावलीय. मुलांना कुठलं सांगू? (एक शिक्षिका, म्हापसा)

उत्तर : दोन्ही पुस्तकं खरी आहेत, रेघ तेवढी वेगळी. उत्तर-दक्षिण विभागणीत वादाला जागाच नाही, कारण विषुववृत्त पृथ्वीच्या फिरण्यातूनच ठरतं. पूर्व-पश्चिमेची रेघ मात्र माणसांनी बसून ठरवली. १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेत ग्रिनिचचं रेखावृत्त शून्य धरलं गेलं. ०° आणि १८०° वर कापलं की इंग्लंड, फ्रान्स, स्पेन, घाना असे देश दोन्हीकडे विभागले जातात. नकाशा काढणाऱ्यांना युरोप-आफ्रिकेचे तुकडे नको असतात, म्हणून ते बऱ्याचदा २०° पश्चिम आणि १६०° पूर्वेवर कापतात. आफ्रिकेच्या मुख्य भूमीचं पश्चिम टोक सेनेगलमध्ये, साधारण साडेसतरा अंशांवर आहे. त्यामुळे ती सगळी पूर्वेत बसते. पण मग न्यूझीलंड पश्चिमेत जातं आणि आइसलँडवर कात्री चालते. वर्गात ०°-१८०° च धरा, आणि वर्तुळाच्या कडेवर कुठला आकडा आहे तो मुलांकडून आधी वाचून घ्या.

आता नेमकी चूक कुठे होते ते. ‘आफ्रिका चारही गोलार्धांत’ हे बरोबर. पण भाकरीसारखे पृथ्वीचे चार चतकोर केले, तर आफ्रिकेची मुख्य भूमी तीनच चतकोरांत सापडते. शून्य रेखावृत्त घानातल्या तेमा बंदराजवळ समुद्रात उतरतं, तेव्हा विषुववृत्त अजून सव्वासहाशे किलोमीटर दक्षिणेला असतं. दोन्ही रेघा गिनीच्या आखातात, भर पाण्यात एकमेकींना छेदतात. विषुववृत्ताखालची आफ्रिका गॅबनपासून सुरू होते, आणि ती सगळी शून्याच्या पूर्वेला. नैर्ऋत्य चतकोर रिकामा! गोलार्ध आणि चतकोर यांची गल्लत आम्हाला शिकवणीच्या छापील नोट्समध्येसुद्धा दिसते.

बाकीच्या खंडांचं थोडक्यात. युरोप आणि उत्तर अमेरिका पूर्ण उत्तरेत, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका पूर्ण दक्षिणेत. दक्षिण अमेरिका सगळी पश्चिमेत, बरीचशी दक्षिणेत. आशियाची मुख्य भूमी मलेशियात १°१६′ उत्तरेला संपते. दक्षिण गोलार्धात पोचतात ती बेटं, मुख्यतः इंडोनेशियाची. रशियाचं चुकोत्का टोक मात्र १८०° ओलांडून पश्चिमेत शिरतं. जगातली दोन-तृतीयांशाहून थोडी जास्त जमीन उत्तर गोलार्धात आहे.

प्रश्न : घरात पृथ्वीगोल नाही. तरी हे करून बघता येईल? (एक विद्यार्थी, फोंडा)

उत्तर : जुना फुटबॉल चालेल. नारळ नको, तो डोळ्यांकडे निमुळता होतो आणि मापं चुकतात. बॉलच्या पोटाभोवती कागदी पट्टी गुंडाळा आणि टोकं जुळतात तिथे कापा. तिची तीनदा निम्मी घडी घातली की आठ भाग होतात. प्रत्येकाचे तीन केले की चोवीस. एक भाग म्हणजे १५°. हवा भरायचं भोक उत्तर ध्रुव माना. तिथून सहा भाग खाली आठ-दहा ठिकाणी टिंबं करून जोडा, झालं विषुववृत्त. त्यावर कुठेही शून्य धरा. पणजी (१५°३०′ उत्तर, ७३°५०′ पूर्व) शून्याच्या उजवीकडे पाचाला जरा कमी भाग, आणि तिथून वर एक भाग.

रेखांश नेहमी विषुववृत्तावरच मोजा आणि मग वर चढा. वर गेल्यावर वर्तुळं आक्रसतात. ६०° वर पट्टीचा एक भाग ३०° खातो, म्हणून तिथे आडवं मोजलं तर चुकोत्का भलतीकडेच जाऊन बसतं.

प्रश्न : गोव्याच्या बरोबर उलट बाजूला काय आहे? आणि सरळ दक्षिणेला? (एक वाचक, वास्को)

उत्तर : उलट बाजूला पाणी. अक्षांशाचा आकडा तोच ठेवून उत्तरेचं दक्षिण करा, रेखांश १८०° मधून वजा करा : १५°३०′ दक्षिण, १०६°१०′ पश्चिम, म्हणजे पॅसिफिक महासागर. वजाबाकी विसरून नुसतं पूर्वचं पश्चिम केलंत, तर पेरूच्या डोंगरात जाल.

सरळ दक्षिणेला गेलं तर विषुववृत्त सुमारे १,७२० किलोमीटरवर. वाटेत मालदीवची बेटं थोडी पश्चिमेला राहतात. त्यांतला अड्डू हा बेटसमूह विषुववृत्ताच्या खाली आहे, म्हणजे मालदीव दोन्ही गोलार्धांत. मग खूप खाली, ५३° दक्षिणेला जवळपास याच रेखावृत्तावर हर्ड बेट, आणि शेवटी अंटार्क्टिका. तिथलं भारताचं ‘भारती’ संशोधन केंद्र ७६° पूर्वेला आहे, म्हणजे आपल्या रेघेपासून अडीच अंशही लांब नाही. तिथल्या मोहिमांचं काम बघणारी राष्ट्रीय ध्रुवीय संस्था तुमच्याच वास्कोत, हेडलँड सड्यावर आहे.